ब्रेक वाजतोय: चाक खोलण्याआधी काय बघायचं आणि खोलल्यावर काय

बडोद्यात पावसाळा लागला की प्रतापनगरच्या आमच्या गॅरेजमध्ये एकाच तक्रारीच्या गाड्या येऊ लागतात. गुजराती गिऱ्हाईक दारातूनच म्हणतं, "बेन, ब्रेक बोले छे." दांडिया बाजारातल्या काकू म्हणतात, "अगं, ब्रेक नुसता ओरडतोय, जरा बघतेस का?" गॅरेज बाबांचं. शाळेत असल्यापासून मी त्यांच्या हातात पाने देत आले, आणि गेली सोळा वर्षं ब्रेकचं काम माझ्याकडेच आहे. आवाज कसा येतो हे प्रत्येक जण तोंडाने वाजवून दाखवतो. आवाज कधी येतो हे विचारलं की माणूस विचारात पडतो. आणि कारण बहुतेक वेळा त्या 'कधी'तच सापडतं.

हे सगळं आपल्याकडच्या नेहमीच्या छोट्या-मध्यम गाड्यांबद्दल आहे: पुढे डिस्क (चाकासोबत फिरणारी थाळी), मागे ड्रम (चाकासोबत फिरणारा डबा). तपासण्या फुकटातल्या आधी आणि हात काळे करणाऱ्या शेवटी, अशा क्रमाने लिहिल्या आहेत. क्रम मोडू नका. शेवटची तपासणी आधी केली की न लागणारे सुटे भाग विकत घेतले जातात.

लक्षणं

तुमच्या गाडीचं यातलं कोणतं, ते आधी ठरवा.

– सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकला खरखर, मग दिवसभर शांत. आदल्या रात्री पाऊस झालेला किंवा गाडी धुतलेली.
– सिग्नलजवळ हलका ब्रेक दाबला की बारीक, टोकदार 'चीं'. जोरात दाबला तर येत नाही.
– ब्रेक दाबलेला नसतानाही 'चीं' चालू, आणि पाय ठेवला की थांबते किंवा बदलते.
– पाय कुठेही असो, चाक फिरतंय तोवर पत्र्यावरून खिळा ओढावा तशी किर्रर्र. बहुधा खडीच्या रस्त्यावरून आल्यावर अचानक सुरू झालेली.
– ब्रेक दाबताच लोखंडावर लोखंड घासल्याची करकर, जी कानाआधी पायाला कळते.
– रिव्हर्स घेऊन पुढे निघालं की पहिल्या ब्रेकला एकच 'टक'.
– खड्ड्यांतून जाताना पुढून खडखड, ब्रेकवर पाय ठेवला की गप्प.
– घाट उतरल्यावर आवाज, सोबत जळका वास.
– हँडब्रेक सोडून निघताना मागून 'टण्' करून चाक सुटतं, मग घोगरी घरघर.
– वेग वाढेल तशी चढत जाणारी 'घूं', वळणावर कमी-जास्त होणारी. हा बहुतेकदा ब्रेक नसतो, चाकाचं बेअरिंग असतं. त्याचा रस्ता वेगळा, ते इथे घेत नाही.

आधी हे वाचा: गाडी जागेवरून हलवायची नाही ती वेळ

नुसता आवाज असेल आणि पेडल नेहमीसारखं घट्ट असेल, तर तुमच्याकडे तपासायला वेळ आहे. आवाजासोबत पेडल बदललं असेल, तर नाही. पेडल खोल जातंय, स्पंजासारखं मऊ लागतंय, दोन-तीनदा दाबल्यावर धरतंय, हँडब्रेक खाली असूनही मीटरमधला लाल ब्रेकचा दिवा पेटलाय, ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढते, चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट ओल आहे, एका चाकातून धूर येतोय, किंवा ती लोखंडाची करकर आहे: यातलं एक जरी असेल तर गाडी तिथेच उभी करा आणि मेकॅनिकला बोलवा किंवा गाडी उचलून न्या. "हळूहळू घेऊन आलो, जवळच तर आहे" असं सांगणाऱ्यांना मी आजही रागावते. वीसच्या वेगानेही समोर एखादं लेकरू येऊ शकतं.

पहिली तपासणी: ऐकणं

खर्च शून्य. रविवारी सकाळी रस्ता मोकळा असताना सोसायटीच्या लांब भिंतीलगत वीसच्या आसपास वेगाने गाडी चालवा. काचा खाली, एसी आणि गाणी बंद. भिंतीवर आपटून आवाज परत येतो आणि चाकांचा आवाज एकदम स्पष्ट होतो. एकदा डावी बाजू भिंतीकडे, एकदा उजवी. आवाज मोठा ज्या बाजूने, चाक त्याच बाजूचं. पुढचं की मागचं हे कळत नसेल तर मागच्या सीटवर कुणाला तरी बसवा. एकट्याने ऐकणारा हमखास चुकतो, कारण गाडीच्या आत मागचा आवाज पुढून आल्यासारखा वाटतो.

मग चार गोष्टी कागदावर लिहा. ब्रेक दाबल्यावर येतो की न दाबताही? गाडी थंड असताना की गरम झाल्यावर? हलक्या पायाने की जोरात दाबल्यावर? रिव्हर्समध्येही येतो का? चाक खोलल्यावर कुठे बघायचं ते या चार उत्तरांवरून ठरतं.

काही आवाज दोषाचे नसतातच. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे प्रत्येक नव्या गाडीत एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे. गाडी चालू करून थोडा वेग घेतला की काही गाड्यांत पुढून एकदाच बारीक 'घर्र' येते, ती एबीएसची स्वतःची तपासणी. वाळूवर किंवा ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावला की पेडल पायाखाली थरथरतं आणि कटकट ऐकू येते, तेही एबीएस काम करत असल्याची खूण. पुष्कळ लोक घाबरून नेमका त्याच क्षणी पाय उचलतात. उचलू नका, दाबून धरा.

दुसरी: गंज

डिस्क बिडाची असते आणि तिच्या घासल्या जाणाऱ्या पृष्ठभागावर रंग नसतो, कारण तिथे पॅड, म्हणजे ब्रेक दाबला की डिस्कला घट्ट धरणारी पट्टी, घासायचा असतो. उघडं बीड आणि पाणी म्हटल्यावर एका रात्रीत तांबूस पापुद्रा येतोच. आपल्या पावसात तर कधी कधी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतसुद्धा येतो. मोकळ्या रस्त्यावर मागे कुणी नसताना चाळीसच्या वेगावरून आठ-दहा वेळा हलका ब्रेक लावा. पापुद्रा पुसला जातो, आवाज जातो, काम संपलं. रोज सकाळी होतंय म्हणून डिस्क बदलून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवी डिस्कही तशीच वाजलेली पाहिली आहे.

पण गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर गोष्ट वेगळी. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी समा, फतेगंज, अकोटा, कारेलीबाग भागांत शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या चाकं बुडून उभ्या होत्या. पाणी ओसरल्यावर इंजिनाची काळजी सगळ्यांनी केली. ब्रेककडे पहिल्या आठवड्यात कुणी वळलं नाही. नंतर तीन-चार महिने आमच्याकडे रांग होती: मागच्या ड्रममध्ये वाळलेला गाळ, पुढच्या कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या) पिना गंजून जाम, हँडब्रेकची केबल आतून घट्ट. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीची ती वरची घासपूस करून समाधान मानू नका, चारही चाकं उघडून घ्या. ते काम मेकॅनिकचंच आहे.

हँडब्रेकचंही याच ओघात सांगते. पावसाळ्यात गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहणार असेल, म्हणजे पुण्याला लग्नाला निघालात, तर सपाट जागेवर हँडब्रेक ओढून ठेवू नका. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकांना पुढून-मागून विटा किंवा ठोकळे लावा. ओलसर ड्रमला लाइनर (ड्रमला आतून घासणारा थर) चिकटून बसतो आणि परत आल्यावर तो 'टण्' ऐकू येतो. एकदाच सुटला आणि मग शांत, तर विसरून जा. सुटतच नसेल तर रेस देऊन ओढू नका. लाइनर शूपासून (ज्या पट्टीवर तो बसवलेला असतो तिच्यापासून) उखडून ड्रममध्ये अडकतो आणि चाक भर रस्त्यात जाम होऊ शकतं.

तिसरी: नट

खडखड किंवा टक असेल तर आधी चाकाचे नट बघा. पाना गाडीतच असतो. माझ्या मावसभावाने एकदा संध्याकाळी फोन केला, "ताई, पुढचा ब्रेक खडखडतोय, उद्या आणतो." मी म्हटलं, आज पंक्चर काढलंय का? काढलं होतं. त्याला तिथेच थांबवून नट बघायला लावले. चारपैकी तीन हाताने फिरत होते. ब्रेकला काहीही झालं नव्हतं.

चाक जमिनीवर असताना, समोरासमोरच्या क्रमाने, एकेक नट कसा. किती घट्ट, तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. पान्यावर पाय देऊन नाचायचं नाही, त्याने बोल्टचे आटे जातात. सोबत चाकाची प्लास्टिकची टोपीही दाबून बघा. तिची एक पाकळी तुटली तरी मंद वेगात ती टकटक करते.

चौथी: टॉर्च घेऊन चाकाच्या फटींतून

अलॉय चाक असेल तर बरंच काही न खोलता दिसतं. पुढची चाकं एका बाजूला पूर्ण वळवा आणि टॉर्च मारा.

किर्रर्रवाला आवाज असेल तर खडा शोधा. डिस्कच्या मागे पातळ पत्र्याची ताटली असते, चिखल-पाणी अडवायला. डिस्क आणि ताटली यांच्या मधल्या फटीत वाटाण्याएवढा खडा अडकला तरी तो आवाज ऐकून माणसाला वाटतं चाकच मोडलं. आधी मोकळ्या जागेत गाडी पंधरा-वीस फूट रिव्हर्स घ्या, मग पुढे, असं दोन-तीनदा. बऱ्याचदा खडा गळून पडतो. नाही पडला तर डिस्क थंड असताना ताटलीची कड बोटाने आत दाबून फट वाढवा आणि खडा पाडा. हातोडी नको. ताटली वाकून डिस्कला टेकली की तोच आवाज कायमचा मागे लागतो.

उत्तरायणानंतरचा पंधरवडा असेल तर मांजा बघा. जानेवारीत आपल्या रस्त्यांवर किती दोर पडलेला असतो, ते बडोदेकरांना सांगायला नको. तो चाकाच्या मागे हबला गुंडाळला जातो, सुरसुर आवाज करतो आणि रबरी सीलला कापतो. कात्रीने कापून काढा, ओढू नका. दोर काचेचा असतो, हातमोजे घाला.

मग पॅडची जाडी. पॅड म्हणजे एक पोलादी पाठ आणि तिच्यावर घासला जाणारा थर. नव्या पॅडचा थर साधारण १० मिलिमीटर असतो. ३ च्या आसपास आला की बदलायची वेळ झाली. इथे नेहमी होणारी चूक अशी की लोक पाठीची जाडीही थरातच मोजतात आणि "अजून खूप आहे" म्हणतात. पाठ मोजायची नाही. अनेक पॅडना कडेला एक पातळ पोलादी जीभ असते. थर संपत आला की ती डिस्कला टेकते आणि 'चीं' करते. ब्रेक न दाबताही येणारी आणि दाबल्यावर बदलणारी 'चीं' बहुधा तीच. तो आवाज मुद्दाम ठेवलेला इशारा आहे. तेव्हाच पॅड बदलले तर फक्त पॅडवर भागतं. दुर्लक्ष केलं की पाठ डिस्कवर घासते आणि डिस्कही जाते.

पाचवी: कोणतं चाक जास्त तापतं

नेहमीच्या रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर चालवून या, थांबा, आणि प्रत्येक चाकाच्या जवळ हात न्या. हात लावायचा नाही. डावं आणि उजवं सारखंच ऊबदार असायला हवं. पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त तापलेली असणं बरोबर, कारण ब्रेक लावल्यावर गाडीचं वजन पुढे येतं आणि जास्त काम पुढचे ब्रेक करतात. पण पुढच्या दोघांत एकच चाक भाजत असेल तर तिथला पॅड डिस्कला सोडत नाहीये. गाडी ओढल्यासारखी वाटणं, ॲव्हरेज कमी होणं, त्या रिमवर काळी पूड जास्त जमणं, हे सगळं त्याच्या सोबतच येतं.

तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका. बीड गरम असताना गार पाणी पडलं की वाकतं, कधी तडकतं. महामार्गावरून आल्याआल्या गाडी धुवायला लावायचीही गरज नसते. अर्धा तास थांबा.

सहावी: ब्रेक ऑइल

बॉनेट उघडून टाकी फक्त बघा. पॅड झिजले की पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) पुढे सरकतो आणि टाकीतली पातळी आपोआप थोडी खाली येते. म्हणजे खाली गेलेली पातळी हा पॅड बघायचा निरोप आहे. लगेच बाटली आणून भरलं तर तो निरोप पुसला जातो, आणि नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की ऑइल वर येऊन सांडतं. ते रंग खातं. पातळी खालच्या रेघेखाली असेल, किंवा आठवड्यात परत घसरली, तर ती गळती समजा आणि वर दिलेल्या 'हलवायची नाही'च्या यादीत जा.

सातवी: पुढचं चाक खोलणं, आणि ज्या पिनेकडे कुणी बघत नाही ती

इथून पुढे हात काळे होणार. सपाट, कडक जमीन. मागच्या चाकांना ठोकळे. नट आधी जमिनीवरच थोडे सैल, मग जॅक, आणि जॅकनंतर लोखंडी स्टँड. स्टँड नसेल तर ही तपासणी करू नका. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शरीराचा कोणताही भाग घालायचा नाही. हे बाबा मला रोज सांगायचे आणि मी गॅरेजमधल्या मुलांना रोज सांगते.

मांजलपूरचे एक निवृत्त शिक्षक दोन वर्षांपूर्वी आले. दीड वर्षात तीनदा नवे पॅड बसवले होते, दुसऱ्या ठिकाणी. दर वेळी पाच-सहा महिने शांत, की परत 'चीं' आणि मग करकर. त्यांना सांगण्यात आलं होतं की गाडीचा स्वभावच तसा आहे. मी चाक खोललं. बाहेरचा पॅड निम्मा शिल्लक, आतला पॅड पाठीपर्यंत संपलेला. त्या एका फरकातच उत्तर होतं.

छोट्या गाड्यांच्या कॅलिपरला पिस्टन एकाच बाजूला असतो, आतल्या. पिस्टन आतला पॅड दाबतो, आणि त्याच जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर ओढतो. पाय उचलला की सगळं थोडं मोकळं व्हायला हवं. त्या दोन पिना जाम झाल्या की कॅलिपर सरकत नाही. बहुतेक काम एकटा आतला पॅड करतो आणि सुटतही नाही, घासत राहतो. बाहेरून टॉर्च मारून बघणाऱ्याला फक्त बाहेरचा पॅड दिसतो आणि तो म्हणतो, पॅड चांगले आहेत. म्हणून एक चाक तरी खोलून आतला पॅड बघितल्याशिवाय "पॅड ठीक" हे वाक्य मी स्वीकारत नाही.

त्यांच्या पिनेचा रबरी बूट एका बाजूने फाटला होता. त्यातून पाणी गेलं, पिन गंजली. तीन पॅडचे जोड लागले, पण पिन कुणी बाहेर काढून बघितली नाही. पिना साफ केल्या, बूट बदलले, ग्रीस लावलं, पॅड नवे. त्यानंतर दोन पावसाळे झाले, ती गाडी आवाजासाठी परत आलेली नाही.

तर, कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचला. पूर्ण काढलात तर रबरी पाइपवर लोंबकळू देऊ नका, तारेने स्प्रिंगला बांधा. आणि कॅलिपर उघडा असताना कुणालाही पेडल दाबू देऊ नका, पिस्टन बाहेर येतो. मग बघा:

दोन्ही पिना बोटांच्या जोराने आत-बाहेर सरकतात का. नसतील तर काढून कापडाने आणि ब्रेक क्लीनरने पुसा. गंजाचे खड्डे पडले असतील तर पिन नवी घ्या. ग्रीस ब्रेकसाठीचंच, सिलिकॉनचं. बेअरिंगचं साधं ग्रीस रबराला फुगवतं आणि दोन महिन्यांत पिन आणखी घट्ट होते. ही चूक फार ठिकाणी होते.

पॅड ज्या खाचेत सरकतो तिथल्या पातळ पोलादी क्लिपा जागेवर आहेत का. पॅड बदलताना त्या फेकून देणारे आहेत. खड्ड्यांत येणारी आणि पाय ठेवल्यावर थांबणारी खडखड बऱ्याच वेळा हरवलेल्या क्लिपेची असते. खाचेतला गंज तारेच्या ब्रशने काढा. पॅड बोटाने सरकला पाहिजे, पण खुळखुळता कामा नये. रिव्हर्सनंतर येणारी एकच टक मात्र पॅड खाचेत एका कडेवरून दुसऱ्या कडेवर सरकल्याची असते. ती हलकी असेल तर तिच्यामागे लागू नका.

पॅडच्या पाठीवरची पातळ पट्टी, शिम, आहे का. 'चीं' म्हणजे शेवटी थरथर. ओल्या बोटाने काचेच्या पेल्याचा काठ घासला की पेला गातो, तसंच पॅड आणि डिस्क मिळून गातात. शिम ती थरथर मुरवते. ती नसेल तर चांगला, जाड पॅडही ओरडतो.

पॅड बदलायचे तर एका आसावरचे दोन्ही चाकांचे बदला, नाहीतर गाडी ब्रेकला ओढते. आणि काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिली दोन-तीन दाबणी रिकामी जातात. हे विसरून गाडी सुरू केली तर पहिला ब्रेक लागतच नाही.

घाटानंतरचा आवाज

पावागडला माचीवरून उतरून आलेल्या किंवा सापुताऱ्याहून परतलेल्या गाड्यांत हे सापडतं. गिअर वर, पाय सतत ब्रेकवर, खाली येईपर्यंत. पॅडचा वरचा थर भाजून काचेसारखा गुळगुळीत आणि चकचकीत होतो, आणि मग हलक्या ब्रेकलाही 'चीं'. थर जाड असेल, तडे नसतील आणि कडा सुटल्या नसतील तर ८० नंबरच्या पॉलिश पेपरवर, सपाट फरशीवर ठेवून, हलक्या हाताने चकाकी उतरवा. तोंडाला मास्क लावा. तडा दिसला तर पॅड नवे.

त्या उतरणीत ऑइलवरही ताण येतो. नवं डॉट ४ ऑइल २३० अंशांच्या आधी उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तो आकडा १५५ धरतात. उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दबते आणि पेडल खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, आणि घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचा.

मागचे ड्रम

मागून घोगरा आवाज असेल तर ड्रममध्ये पूड साचलेली असते, शू ज्या जागी पत्र्यावर टेकतो तिथलं ग्रीस सुकलेलं असतं, किंवा लाइनर संपलेला असतो. ड्रम उघडून साफ करणं अवघड नाही, पण स्प्रिंगा आणि ॲडजस्टर (शू आणि ड्रममधली फट राखणारा भाग) परत बसवणं अवघड आहे. चुकून डावा ॲडजस्टर उजवीकडे बसला तर ब्रेक आपोआप सैल होत जातो. मी म्हणेन, ड्रम मेकॅनिककडे द्या आणि समोर उभे राहा. हवेच्या पाइपने ती पूड उडवू देऊ नका. जुन्या लाइनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आणि कोणत्या लाइनरमध्ये काय आहे हे डोळ्याने कळत नाही. ओल्या कापडाने किंवा ब्रेक क्लीनरने भिजवून पुसायची. ड्रमच्या आत तेलकट दिसलं तर व्हील सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा भाग, गळतोय. लाइनर धुऊन परत वापरायचे नाहीत.

मागेही डिस्क आणि बटणाचा हँडब्रेक असलेल्या गाड्यांत तर स्वतः पिस्टन दाबूच नका. तिथे आत मोटर असते, आणि ती आधी स्कॅनरने मागे घ्यावी लागते.

आवाज घालवायला म्हणून डिस्कवर तेलाचा फवारा, रॉकेल, डिझेल काहीही मारू नका. आवाज जातो, कारण ब्रेकही जातो.

मेकॅनिककडे जाताना

सातव्या तपासणीपर्यंत येऊनही आवाज राहिला, पिस्टन मागे जात नाही, पिस्टनच्या रबरावर ओल आहे, डिस्कवर नखाला अडकणाऱ्या खोल रेघा आहेत किंवा ब्रेक लावल्यावर स्टीअरिंग थरथरतं, तर थांबा. डिस्कची जाडी ठिकठिकाणी मायक्रोमीटरने मोजावी लागते. किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते, आणि लेथवर घासून ती त्या आकड्याखाली जाणार असेल तर नवी घ्यावी लागते, तीही जोडीने.

जाताना तो चार उत्तरांचा कागद न्या. "ब्रेक वाजतो" एवढंच सांगू नका. "थंड गाडीत, हलक्या ब्रेकला, पुढच्या डाव्या बाजूने, रिव्हर्समध्ये येत नाही" असं सांगा. पिना सरकवून दाखवायला सांगा. पॅड बदलले तर जुने चारही हातात मागून घ्या आणि आतला-बाहेरचा शेजारी ठेवून बघा. त्यांच्या जाडीत मोठा फरक असेल आणि बिलात फक्त नवे पॅड असतील, तर गाडी तिथून हलवण्याआधी विचारा: पिनेचं काय केलं?

नवे पॅड बसल्यावर पहिले दोनेकशे किलोमीटर थोडी कुरकुर येते, वास येतो. मोकळ्या रस्त्यावर पन्नासवरून दहापर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा मध्यम ब्रेक लावा, मधे डिस्क गार व्हायला मिनिटभर गाडी चालवत राहा. तेवढ्याने पॅड डिस्कला बसतो. त्यानंतरही 'चीं' राहिली तर शिम आणि क्लिपा परत बघायला लावा.